झेड ड्राइव्ह बंद करण्याआधी

सीएच्या छोट्या ऑफिसात सर्व्हर म्हणजे बहुधा कपाटाशेजारचा जुना पीसी, आणि त्यावरचा शेअर्ड फोल्डर म्हणजे सगळ्यांचा ‘झेड ड्राइव्ह’. खुर्चीत बसून काम करायचं तर झकास चालतो. २०२०च्या मार्चमध्ये ऑफिसला कुलूप लागलं तेव्हा फायली आत आणि आम्ही घरी. व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची वाट, जोडला, पण मोठी एक्सेल उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. फायली क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेत, नेणं स्वस्त पडतं असं मला तरी वाटत नाही, दर माणशी दर महिन्याला पैसे जातात. तरी लोक तिकडे वळतात ते क्लायंटकडे बसून फाईल उघडता यावी आणि रात्री यूपीएसने मान टाकली तर धावत यायला लागू नये म्हणून.

फायली हलवायचा मुहूर्त ठरवताना ऑडिटचा सप्टेंबर आणि मार्चअखेर सोडा. आधी फोल्डर झाडून घ्या. ‘फायनल’, ‘फायनल २’, सोडून गेलेल्या आर्टिकलच्या (शिकाऊ सीएच्या) नावाचा फोल्डर, हे सगळं तसंच वर नेलंत तर पसारा फक्त जागा बदलतो. फोल्डरात फोल्डर घालून वाट लांबवली असेल तर ती छोटी करा. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह क्लाउडमध्ये फाईलच्या नावासकट पूर्ण पाथ ४०० अक्षरांच्या आत बसावा लागतो. एकमेकींना लिंक केलेल्या एक्सेल शोधून ठेवा. त्यांच्यात झेडचा पत्ता लिहिलेला असतो आणि तो पुसला की आकडे अपडेट व्हायचे थांबतात.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटा मात्र सिंक फोल्डरात, म्हणजे क्लाउडशी आपोआप जुळत राहणाऱ्या फोल्डरात, टाकू नका. दोघांनी एकदम एंट्री केली की सिंकचा गोंधळ ठरलेला. तो होता तिथेच राहू दे, वर फक्त बॅकअप जाऊ दे.

अपलोडचा हिशेब कागदावर करा. ५०० जीबी डेटा आणि २० एमबीपीएस अपलोड असेल तर सलग ५५ तास लागतात, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरुवात. कोणाला काय दिसावं हेही तेव्हाच ठरवा. पगाराचा फोल्डर आम्ही शेवटी नेला, आणि बरं केलं.

सिंकला बॅकअप समजू नका. एकाने डिलीट केलं की सगळ्यांकडून जातं. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाईल ३० दिवसच राहते. क्लायंट कंपनी असेल तर २०२२पासून हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप रोज, भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. प्लॅन घेताना डेटा कुठे राहतो ते लेखी विचारा.

झेरॉक्स मशीन सगळे विसरतात. ते स्कॅन थेट शेअर्ड फोल्डरात टाकतं, आणि जुनं असेल तर एसएमबीच्या (विंडोजच्या फाईल शेअरिंगच्या पद्धतीच्या) पहिल्या आवृत्तीवरच चालतं. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो त्याच वाटेने. केवळ त्या मशीनसाठी आमच्याकडे हे दार वर्षानुवर्षं उघडं होतं. स्कॅन ईमेलवर वळवा, दार बंद करा आणि जुन्या पीसीवरचा झेड ड्राइव्ह तीन महिने फक्त वाचण्यापुरता चालू ठेवा.