‘नेट गेलंय’ म्हणजे नक्की काय गेलंय? शब्दांच्या या चुका टाळा

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. “अगं, नेट गेलंय. जरा येतेस का?” मी आधी विचारते, “काका, नेमकं काय होत नाहीये?” कुणाचं व्हॉट्सॲप उघडत नसतं, कुणाचा जीमेलचा पासवर्ड चुकत असतो, कुणाच्या राउटरचं, म्हणजे वाय-फायच्या डब्याचं, बटणच बंद असतं. तिन्ही तक्रारींचं नाव एकच, ‘नेट’. नाव चुकलं की उपायही चुकतो. ज्येष्ठांना मोबाइल शिकवताना हे मी इतक्यांदा पाहिलंय, की ज्या शब्दांमुळे खरोखर नुकसान होतं तेवढेच इथे घेते.

सुरुवात वाय-फायपासून. आपल्या नळाला पाणी येतं ते खडकवासल्याहून. घरातली पाइपलाइन कितीही धड असली, तरी तिकडून पाणी सुटलं नाही तर नळ कोरडाच. वाय-फाय ही घरातली पाइपलाइन, राउटरपासून तुमच्या फोनपर्यंतची. इंटरनेट हे बाहेरून येणारं पाणी. म्हणूनच फोनवर वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात आणि तरी काही उघडत नाही. अशा वेळी वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा चालू करून पाहा. डेटावर सगळं उघडलं, तर फोन ठणठणीत आहे आणि दोष घरच्या जोडणीत आहे. आता राउटरकडे जा. फायबरची जोडणी असेल तर डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला एक दिवा असतो. तो लाल झाला असेल तर बाहेरून येणारा सिग्नलच पोचत नाहीये. घरी बसून तो दुरुस्त होत नाही. कंपनीला फोन करा आणि नुसतं “नेट नाही” न म्हणता “एलओएसचा दिवा लाल आहे” असं सांगा. समोरच्याला लगेच कळतं.

दिवा लाल नसेल तर राउटर रीस्टार्ट करायचा. इथेच सगळ्यात महागात पडणारी चूक होते. रीस्टार्ट म्हणजे राउटरचं बटण बंद करून अर्धा मिनिट थांबायचं आणि पुन्हा चालू करायचं. रीसेट म्हणजे मागच्या बारीक भोकात टाचणी घालून आतलं बटण दाबून धरायचं. त्याने वाय-फायचं नाव, पासवर्ड, जोडणी देताना भरलेली माहिती, सगळं पुसलं जातं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांना कुणीतरी फोनवर “रीसेट मारा” म्हणून सांगितलं. त्यांनी तो मारला, आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत दोन दिवस घर नेटविना राहिलं. सांगणाऱ्याला रीस्टार्टच म्हणायचं होतं. मोबाइलमधल्या ‘फॅक्टरी रीसेट’ला तर बोटही लावू नका. फोन दुकानातून आणल्यासारखा कोरा होतो.

वाय-फायच्या यादीत तुमच्या नावापुढे ‘५जी’ दिसतं, त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. ते म्हणजे वाय-फायच्या रेडिओ लहरींचा पट्टा, ५ गिगाहर्ट्‌झ. वेग जास्त, पण भिंती ओलांडताना ते लवकर कमजोर होतं. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती असतील, तर आतल्या खोलीत २.४ गिगाहर्ट्‌झचं नाव निवडा.

वेगाबद्दल एवढंच: जोडणी १०० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटची, आणि डाउनलोड मात्र सेकंदाला १२ एमबीच्या आसपास दिसतं, म्हणून कुणी फसवलं असं समजू नका. जोडणीचा वेग बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये, आणि ८ बिटांचा १ बाइट होतो.

“मेमरी फुल झाली” या वाक्यात तर तीन वेगळ्या जागा एकत्र होतात. रॅम म्हणजे काम करायचा ओटा, स्टोरेज म्हणजे मागची कोठीची खोली. ओटा लहान असला की फोन अडखळतो, आणि फोटो पुसून तो मोठा होत नाही. तिसरी जागा फोनबाहेरची, कंपनीच्या संगणकांवरची, म्हणजे क्लाउड. गूगलच्या खात्याला १५ जीबी फुकट मिळतात, त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांचा वाटा. ती भरली की मेल येणं थांबतं, फोनमध्ये कितीही जागा मोकळी असली तरी. एका मावशींनी फोनमध्ये जागा व्हावी म्हणून गूगल फोटोजमधून नातवाच्या मुंजीचे फोटो डिलीट केले. त्यांना वाटलं, क्लाउडमध्ये आहेतच. पण त्या ॲपमध्ये डिलीट केलं की फोनमधलाही फोटो जातो आणि क्लाउडमधलाही. बॅकअप झालेले, म्हणजे क्लाउडमध्ये प्रत ठेवलेले फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात, म्हणून त्यांचे परत मिळाले. फक्त फोन मोकळा करायचा असेल तर त्याच ॲपमधलं ‘फ्री अप स्पेस’ वापरा, तेही बॅकअप पूर्ण झालाय हे पाहूनच.

आता पैशांचा प्रश्न. पत्त्याआधी कुलुपाचं चित्र दिसलं की साइट सुरक्षित, असं अजूनही बरेच जण सांगतात. कुलुपाचा अर्थ एवढाच, की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही. साइट चोराची असली तरी कुलूप असू शकतं. पत्ता पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंत पाहा आणि उजवीकडून वाचा. पुणे महापालिकेचा पत्ता ‘पीएमसी डॉट गव्ह डॉट इन’ असा संपतो. त्यापुढे ‘डॉट अमुक डॉट कॉम’ जोडलेलं असेल तर ती साइट त्या अमुकची. कस्टमर केअरचा नंबरही गूगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. बिलाच्या मागे किंवा कार्डाच्या मागे छापलेला नंबर घ्या.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल, तर ती पत्रिका नाही. एपीके म्हणजे ॲप. ते बसवलं आणि परवानगी दिली, की तुमचे मेसेज, म्हणजे ओटीपीसुद्धा, दुसऱ्याला दिसू शकतात. ओळखीच्या नंबरवरून आलं तरी उघडू नका, कारण त्यांचाही फोन असाच ताब्यात गेलेला असू शकतो. आणि यूपीआयचा पिन पैसे द्यायला किंवा शिल्लक पाहायला लागतो, पैसे घ्यायला नाही. पैसे घ्यायला कुणी पिन टाकायला सांगितलं, तर फोन तिथेच ठेवा.

पैसे गेलेच तर मुलगा घरी येईपर्यंत थांबू नका. आधी सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा. वेळेत कळलं तर रक्कम पुढे सरकण्याआधी थांबवता येण्याची शक्यता असते. बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ एका कागदावर लिहून हाताशी ठेवा, तिथे तेच विचारतात.