लिनक्सवर नेटवर्क प्रिंटर अडला? या चुका टाळा

उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात दुपारी लाईट गेली, अर्ध्या तासानं आली, आणि डिलिव्हरी चलन छापायचं बंद झालं. "दादा, प्रिंटर गेला बघा. गाडी भरून उभी हाय," मालकांचा फोन. मी पोचेपर्यंत तिथल्या पोरानं उबंटूवर, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारावर, तोच प्रिंटर चार वेळा जोडला होता. चालत एकही नव्हता.

प्रिंटर धडधाकट होता. लाईट आल्यावर राउटरनं त्याला नवा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता, दिला होता, आणि संगणक जुन्याच पत्त्यावर कागद धाडत होता.

काढून परत जोडणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आधी प्रिंटरच्याच बटणांवरून नेटवर्कची माहिती असलेलं पान छापा. मग त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, पोर्ट ६३१ (localhost:631) उघडा. हे कप्सचं, म्हणजे लिनक्सवर छपाई सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं, पान. तिथं प्रिंटरपुढं लिहिलेला पत्ता आणि छापलेला पत्ता जुळतोय का, एवढंच बघा. जुळत नसेल तर पत्ता दुरुस्त करा आणि राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) तो राखून ठेवा. नुसता प्रिंटरवर पक्का पत्ता टाकून भागत नाही. राउटर तोच आकडा उद्या कुणाच्या तरी मोबाईलला देऊ शकतो.

पत्ता जुळूनही कागद येत नसेल, तर बऱ्याचदा छपाईच्या कामांची रांग थांबलेली असते. एकदा पाठवणं फसलं की कप्स प्रिंटरला 'पॉज्ड' करून ठेवू शकतं. 'रिझ्यूम प्रिंटर' दाबण्याआधी अडकलेली कामं रद्द करा. लोकांनी घाईत दहादा प्रिंट दिलेली असते. नाहीतर एकच चलन दहादा बाहेर पडतं.

पानभर अगम्य अक्षरं आली तर बहुतेक ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला प्रिंटरशी बोलायला लावणारा प्रोग्राम, चुकलाय. एअरप्रिंट (अ‍ॅपलची ड्रायव्हरशिवाय छापायची सोय) चालणारा प्रिंटर असेल तर ड्रायव्हरच्या यादीत आयपीपी एव्हरीव्हेअर निवडा, वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. प्रिंटर यादीतच दिसत नसेल तर लॅपटॉप गेस्ट वायफायवर आहे का ते बघा, मग फायरवॉलमध्ये यूडीपी ५३५३ हे प्रिंटर शोधायला लागणारं पोर्ट उघडं आहे का ते.

दिवा लुकलुकतोय आणि कागद भरलेला आहे? कागदाचा आकार तपासा. सेटिंग बऱ्याचदा अमेरिकी 'लेटर'वर असतं, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए४ २१० बाय २९७. प्रिंटर लेटरची वाट बघत बसतो.

वर्कशॉपातल्या तीन जादा नोंदी काढल्या, चौथीचा पत्ता बदलला. चलन निघालं, गाडी सुटली.