पक्षात मन रमत नाही? मग वॉर्डापासून सुरुवात करा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कुठल्याही गल्लीत निवडणुकीच्या महिन्यात पोरांना भाव येतो. गाडीत पेट्रोल पडतं, गळ्यात पट्टी येते, रात्रीच्या जेवणाची सोय होते. निकाल लागला की त्याच पोराने उताऱ्यावरच्या नावाच्या दुरुस्तीसाठी फोन केला तर तो उचलला जात नाही. "राजकारण नको रे बाबा" म्हणणाऱ्या पोरांना आळशी म्हणणं सोपं आहे, पण त्यांचा हिशेब चुकलेला नाही. गर्दी त्यांची आणि निर्णय दुसऱ्यांचे, असा हा व्यवहार आहे. निर्णयात हात घालायचा तर पक्षाच्या निरोपाची वाट न पाहता ग्रामपंचायतीपासून कसं सुरू करायचं, त्याची ही माहिती.

दुरावा कुठून आला, ते आधी कागदावर आणा

पहिल्या बैठकीत भाषणं नकोत. प्रत्येकाला अर्धा कागद द्या आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहायला सांगा: गेल्या वेळी कुठल्या पक्षाने किंवा संघटनेने बोलावलं, कशासाठी बोलावलं, आणि त्यानंतर आपल्या कुठल्या कामात त्यांनी लक्ष घातलं? नाव लिहायचं नाही. कागद गोळा करून मोठ्याने वाचा. दुसऱ्या उत्तरात बहुतेक रॅली, मिरवणूक, बूथवर बसणं असेल, आणि तिसऱ्या उत्तराची जागा कोरी असेल. एवढं सगळ्यांसमोर आलं की पुढचं बोलणं नीट होतं.

सीमाभागात या दुराव्याला आणखी थर आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला. या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने मान्य केला नाही. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आज विशीत असलेल्या पोराच्या जन्माच्या आसपास दाखल झालेली ही केस. तिच्याबद्दलची त्याची तळमळ खरी आहे, पण रोजच्या कामाला त्यातून वाट मिळत नाही. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ ला दोन आमदार होते, २०१८ ला आणि २०२३ ला एकही नाही. समितीतल्या फुटीचे घाव तरुणांनीच जास्त सोसले, कारण एकाच घरातले दोन भाऊ दोन उमेदवारांच्या मागे फिरले. २०२१ च्या बेळगाव महापालिका निवडणुकीत राष्ट्रीय पक्ष चिन्हावर उतरले आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपने घेतल्या. पण त्याच वर्षीच्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला एक लाखाहून जास्त मतं पडली. म्हणजे पोरं मतदानाला कंटाळलेली नाहीत. आपला माणूस समोर दिसला की ती बाहेर पडतात.

मतदार यादीत नाव: इथेच निम्मी पोरं गळतात

ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरून तयार होते. गोवा, पुणे, कोल्हापूरला कामाला गेलेल्या कित्येक पोरांचं नाव कुठेच नसतं, किंवा तिकडे लागलेलं असतं. दोन्हीकडे नाव ठेवणं कायद्याने चालत नाही, तेव्हा एक ठिकाण ठरवा. नवीन नावासाठी फॉर्म ६, पत्ता बदल किंवा दुरुस्तीसाठी फॉर्म ८. वय मोजायच्या तारखा वर्षातून चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. बीएलओकडे (मतदान केंद्राची यादी बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे) द्या नाहीतर ऑनलाइन भरा. अडलं तर १९५० या नंबरला फोन.

हमखास होणारी चूक नावाच्या अक्षरांत असते. आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, कन्नड यादीत तिसरंच. गल्लीतली यादी छापून घ्या, घरोघरी जा, प्रत्येक नाव त्या माणसाच्या ओळखपत्राशी ताडून बघा. मयत माणसांची नावंही टिपून ठेवा. हे काम दोघादोघांनी करावं: एक वाचणारा, एक लिहिणारा. या फेरीत घराघराशी जी ओळख होते ती पुढे उपयोगी पडते.

माणसं किती, बैठक कधी

सात ते अकरा जण पुरे. चाळीस जणांची पहिली बैठक जोरात होते आणि तिसऱ्या बैठकीला चौघेच उरतात. त्याची कारणं ठरलेली आहेत. बैठक रात्री उशिरा असते, त्यामुळे उद्यमबाग, मच्छेच्या कारखान्यांतला दुसऱ्या शिफ्टचा पोरगा येऊच शकत नाही. विषय दहा असतात आणि ठरत एकही नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या फोटोवरून भांडण पेटतं आणि प्रत्यक्ष बोलणं बंद पडतं.

म्हणून आधी शिफ्ट विचारा, मग वेळ ठरवा. एका बैठकीला एकच विषय, पाऊण तासात आटोपायचं, शेवटी वहीत तीन ओळी: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. वर्गणी काढलीत तर दहा रुपयांचीही नोंद करा आणि दर महिन्याला तो हिशेब वाचून दाखवा. मंडळं फुटतात ती विचारांपेक्षा हिशेबावरून जास्त. देवस्थान पंच कमिटीला आणि तालमीच्या जुन्या मंडळींना पहिल्याच आठवड्यात भेटून काय करणार ते सांगा. विचारलं नाही म्हणून झालेला विरोध नंतर मोडत नाही.

वॉर्ड सभा: खरी ताकद इथे आहे

कर्नाटकच्या पंचायत राज कायद्यात वॉर्ड सभा आणि ग्रामसभा सहा महिन्यांतून किमान एकदा घ्यायच्या असतात. आधी वॉर्ड सभा, तिथल्या मागण्या ग्रामसभेकडे. व्यवहारात बऱ्याच गावांत वॉर्ड सभा कागदावरच होते. पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) पुढच्या सभेची तारीख लेखी मागा. विषय लिहून दहा टक्के मतदारांच्या सह्यांनिशी खास सभेचीही मागणी करता येते.

मागणी कशी करायची? समजा गल्लीतलं गटार तुंबतं. "गटार करा" एवढं लिहून काही होत नाही. टेप घेऊन लांबी मोजा. कुणाच्या घरापासून कुणाच्या घरापर्यंत, पाणी शेवटी कुठे सोडायचं, मध्ये कुणाची खासगी जागा येते का, हे लिहा. एक फोटो पावसात, एक उघडिपीत, दोन्ही एकाच जागेवरून. अशा अर्जावरून जेईला (कनिष्ठ अभियंत्याला) अंदाजपत्रक करता येतं. नुसत्या मागणीवर तो फिरकतही नाही.

पैसा कुठल्या खात्यातला, हेही माहीत हवं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२ पासून ६० टक्के रक्कम पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधलेली होती, ४० टक्के मोकळी, आणि मोकळ्या रकमेतूनही पगार देता येत नव्हते. व्यायामशाळेची मागणी बांधलेल्या रकमेतून केली तर ती नाकारली जाणारच, आणि पोरांना वाटतं मुद्दाम डावललं. त्या वर्षी कुठला निधी आला आणि तो कशासाठी आहे, हे आधी बघा. पंचायतीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर दिसतो.

अर्जाच्या भाषेवरून हमखास अडतं. तक्रार-निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने दिला आहे. मराठीतून द्या, त्या कलमाचा उल्लेख करा, आणि सोबत कन्नड प्रतही जोडा. हक्क सोडायचा नाही आणि "समजलं नाही" हे कारणही हाती द्यायचं नाही. गटातल्या दोघांनी तरी कन्नड वाचायला शिकावंच. 'सभा नडवळी' म्हणजे सभेचा वृत्तांत, 'कामगारी' म्हणजे काम, 'वेच्च' म्हणजे खर्च, आणि कन्नड आकडे, एवढ्यावरही निम्मी वही उलगडते. ती वही वाचता न येणं हे पिढ्यान् पिढ्या आपल्याला महागात पडलं आहे.

अर्ज दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोऱ्या पानावर सही करू नका. सभेला आल्याची सही म्हणून वही पुढे येते, पान वरून मोकळं असतं, ठराव नंतर लिहिला जातो. ठराव लिहून होईपर्यंत थांबा, वाचून दाखवायला सांगा, शेवटच्या ओळीखाली रेघ मारायला लावा, मग सही करा. परवानगी घेऊन फोनवर पानाचा फोटो काढा.

काम अडलं तर माहिती अधिकार

कर्नाटकात अर्जाची फी १० रुपये. एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, ही अट विसरल्यामुळे कितीतरी अर्ज परत येतात. "भ्रष्टाचार का झाला" असं विचारू नका. "अमुक कामाच्या मोजमाप पुस्तकाची आणि बिलाची प्रत द्यावी" असं मागा. उत्तराला ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, तिथेही न भागल्यास ९० दिवसांत माहिती आयोगाकडे. आलेले कागद लगेच फेसबुकवर टाकू नका. आधी ग्रामसभेत वाचा. सोशल मीडियावर गेलेलं प्रकरण व्यक्तीच्या भांडणात जातं आणि रस्ता तसाच राहतो.

पक्ष बोलवायला आला तर

काम दिसू लागलं की सगळेच येतील. जावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पक्ष वाईटच असतात असं आमचं म्हणणं नाही. पण जाण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट विचारा. पद कुठलं आणि त्या समितीची बैठक कधी होते? वॉर्डातला उमेदवार ठरवताना आमचं मत कुठे नोंदवलं जाणार? आणि आंदोलनात गुन्हा दाखल झाला तर वकील कोण, जामीन कोण देणार?

तिसरा प्रश्न सीमाभागातल्या पोराने विचारलाच पाहिजे. मोर्चाला परवानगी आहे का, जमावबंदी लागू आहे का, हे पुढाऱ्याला माहीत असतं, मागे चालणाऱ्या पोराला नसतं. गुन्हा मात्र दोघांवर लागतो. न्यायालयात फौजदारी प्रकरण चालू असेल तर पासपोर्टसाठी त्या न्यायालयाची परवानगी आणावी लागते, आणि नोकरी, भरतीच्या पोलीस पडताळणीतही ते पुढे येतं. आखाताची नोकरी हातातोंडाशी येऊन गेली की त्या घरातला धाकटा भाऊ पुन्हा कुठल्या झेंड्याखाली उभा राहत नाही. आंदोलन करायचं तर परवानगीच्या पत्राची प्रत फोनमध्ये, वकिलाचा नंबर प्रत्येकाच्या खिशात, आणि नोटीस आली की त्याच आठवड्यात हालचाल. तारखा चुकवल्या की वॉरंट निघतं.

निवडणुकीला उभं राहायचं तर

१९९६ च्या लोकसभेला बेळगावात ४५६ उमेदवार होते. सीमाप्रश्नावरचा निषेध म्हणून ते देशभर गाजलं. पण त्याच वर्षी कायदा बदलला, अनामत वाढली आणि मान्यताप्राप्त पक्षाबाहेरच्या उमेदवाराला दहा सूचक लागू लागले. आज लोकसभेची अनामत २५,००० रुपये आणि विधानसभेची १०,००० आहे, अनुसूचित जाती-जमातींना निम्मी. ग्रामपंचायतीला मात्र पक्षाचं चिन्हच नसतं. २०२० च्या निवडणुकीत सर्वसाधारण गटाची अनामत २०० रुपये होती. ज्याला कुठलाच पक्ष आपला वाटत नाही, त्याच्यासाठी ही जागा आहे.

वय २१ पूर्ण आणि त्याच पंचायतीच्या यादीत नाव हवं. साधारण ४०० लोकसंख्येमागे एक सदस्य, आणि एका मतदारसंघात अनेकदा दोन-तीन जागा असतात, म्हणून एकट्याने उभं राहण्यापेक्षा पॅनेल करा. घरपट्टी, पाणीपट्टी भरून पावत्या फाइलला लावा. आरक्षित जागा असेल तर जातीच्या दाखल्याला नाडकचेरीत (दाखले देणाऱ्या महसूल कार्यालयात) लागणारा वेळ धरा, आणि कुठला दाखला चालतो ते निवडणूक अधिकाऱ्याला आधीच विचारा. निम्म्या जागा महिलांच्या. तिथे आईचं किंवा बायकोचं नाव टाकून कारभार आपण करायचा, हा प्रकार पोरांनी तरी थांबवावा. स्वसहाय्य संघाचा हिशेब लिहिणारी बाई गल्लीत असतेच. तिला विचारा आणि सभेत तिलाच बोलू द्या.

देवळाला देणगी देऊन जागा बिनविरोध करण्याचा दबाव येईल. तो पैशाने घेतलेला निकाल आहे आणि कायद्याने लाचच आहे. अर्ज मागे घेऊ नका.

शेवटचे आठ दिवस वृद्ध मतदारांकडे द्या. एका मतपत्रिकेवर किती शिक्के मारायचे, घडी कशी घालायची, हे कोऱ्या कागदावर दाखवा, कारण जागांपेक्षा जास्त शिक्के पडले की मत बाद. २०२० ला बेळगाव जिल्ह्यात मतपत्रिकाच होत्या आणि गावच्या निवडणुकीत दहा-वीस मतांवर निकाल फिरतो. मतमोजणीला शांत डोक्याची माणसं बसवा, बाद ठरवलेली प्रत्येक मतपत्रिका दाखवायला सांगा, आणि फेरमोजणी हवी असेल तर निकाल जाहीर होण्याआधी लेखी मागा.