उन्हाळी सूर्यफुलाचे दाणे भरावेत यासाठी

नागपूरच्या उन्हात सूर्यफूल टिकत नाही, ही समजूत चुकीची आहे. त्याचे सोटमूळ खोल जाते आणि वेळेवर ओलीत मिळाले तर झाड एप्रिलही काढते. उष्णतेने निकामी होतात ते परागकण. म्हणून पेरणीची तारीख फुलोऱ्यावरून मागे मोजावी. पीक साधारण 60 दिवसांत फुलते, तेव्हा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पेरले तरी चालते हा सल्ला आमच्या भागात ऐकू नये, कारण तो फुलोरा 40 अंशांच्या उन्हात नेऊन ठेवतो. मी जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरतो.

भारी जमिनीत 60 बाय 30 सेंटिमीटर अंतरावर 5 सेंटिमीटर खोल टोकण करावी आणि पंधरा दिवसांनी विरळणी करून एका जागी एकच झाड ठेवावे.

खरी कसोटी फुलोऱ्यात लागते. पहिल्या वर्षी माझी फुले ताटाएवढी झाली, पण मधला भाग पोचट निघाला. पाणी कमी पडले असे समजून मी पाण्याच्या पाळ्या वाढवल्या होत्या, आणि ऐन फुलोऱ्यात सकाळी कीटकनाशक फवारून मधमाश्या घालवल्या होत्या. सूर्यफुलाच्या तबकातली शेकडो बारीक फुले कडेकडून मध्याकडे आठ-दहा दिवस उमलत जातात. प्रत्येकात पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो, आणि बहुतेकदा दुसऱ्या झाडाचाच पराग लागतो. मधमाश्या कमी दिसल्या तर हाताने परागीभवन करावेच. तळहाताला मऊ मलमलीचे कापड गुंडाळून, सकाळी सातनंतर सुरुवात करून ऊन चढण्याआधी, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर हलकेच फिरवावे. हे दिवसाआड, मधली फुले उमलेपर्यंत चालू ठेवावे. दोन फेऱ्यांत थांबणाऱ्यांच्या फुलांचा मधला भागच रिकामा राहतो. दोन फुले एकमेकांवर घासण्याचा सल्ला मला पटत नाही, कारण त्यात झाडाची मान दुखावते. पिवळ्या पाकळ्या उघडताना बोरॅक्स (बोरॉन देणारे खत), लिटरला 2 ग्रॅम, संध्याकाळी मधमाश्या परतल्यावर फुलांवर फवारावे.

कळी, फुलोरा आणि दाणे भरताना ओलीत चुकवू नये. दाणे भरू लागले की सकाळ-संध्याकाळ पोपटांची राखण करावी. तबकाची मागची बाजू लिंबासारखी पिवळी झाली की कापणी करावी आणि चांगले वाळवूनच मळावे.