गोठ्यात मांजर कसे रुळवावे

गोठ्यात किंवा धान्याच्या कोठारात उंदरांचा सुळसुळाट झाला की मांजर आणून सोडले जाते आणि दोन दिवसांत ते नाहीसे होते. यात दोष मांजराचा नसतो. ही जागा आपली आहे हे कळण्याइतका वेळच त्याला मिळालेला नसतो.

म्हणून पहिले काम कोंडून ठेवण्याचे. एकमेकांच्या सवयीची दोन मांजरे आणून त्यांना गोठ्यातच एखाद्या बंद खोलीत किंवा मोठ्या पिंजऱ्यात 3 ते 4 आठवडे ठेवावे. आत लपायला खोके, अंथरायला पेंढा, पाणी आणि विष्ठेसाठी मातीचे घमेले असावे. सुरुवातीला मांजर खोक्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसते, माणसासमोर अन्नाला तोंड लावत नाही, आणि सकाळी मात्र ताटली चाटूनपुसून लख्ख झालेली दिसते. अशा वेळी त्याला ओढून बाहेर काढू नये. रोज ठरल्या वेळी ताटली वाजवून खाऊ घालावे, कारण पुढे दार उघडल्यावर हाच आवाज त्याला परत आणतो.

उपाशी मांजर जास्त उंदीर मारते, हा समज साफ चुकीचा आहे. भुकेले मांजर अन्नाच्या शोधात लांब भटकते; पोटभर जेवलेले मांजर जवळपास राहते आणि शिकारही करते, कारण शिकारीची ऊर्मी केवळ भुकेवर अवलंबून नसते. उरलेले अन्न मात्र रात्री उचलून ठेवावे, नाहीतर ते उंदरांच्याच पोटात जाते.

मोकळे सोडण्याआधी नसबंदी, रेबीजची लस आणि जंताचे औषध उरकून घ्यावे. मांजरी 4-5 महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते आणि सुमारे 9 आठवड्यांत विते, तेव्हा नसबंदी लांबणीवर टाकू नये.

सर्वांत कळकळीने सांगायचे ते विषाबद्दल. रक्त गोठू न देणारे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस सुस्तावून फिरतो, मांजराच्या तावडीत सहज सापडतो आणि त्याच्याबरोबर विषही मांजराच्या पोटात जाते. मांजर पाळायचे असेल, तर विष ठेवूच नये.

धान्य आणि खुराक झाकणाच्या पत्र्याच्या पिंपांत ठेवावा. त्यामुळे उंदरांचे खाणे तुटतेच, शिवाय मांजराची विष्ठा त्यात मिसळत नाही. त्या विष्ठेतून पसरणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे शेळ्या-मेंढ्या गाभडू शकतात. मोठ्या घुशीच्या वाटेला बहुतेक मांजरे जात नाहीत. तिच्यासाठी बिळाजवळ मांजराचा पाय अडकणार नाही असा पिंजराच लावावा.