पीटीटी दाबण्याआधी गाणं बंद करा

अमेरिकेत नोकरीला किंवा शिकायला आलेल्या आपल्या माणसांनी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संपर्काची, टेक्निशियन ही पहिल्या पायरीची परवाना परीक्षा जरूर द्यावी. नागरिकत्व लागत नाही, मोर्स संकेताची अट २००७ मध्येच गेली, आणि ३५ पैकी २६ उत्तरं बरोबर आली की झालं. प्रश्नसंच जाहीर असल्यामुळे बरेच जण नुसती उत्तरं घोकतात. पास होता येतं, नाही असं नाही. पण मग पहिल्यांदा पीटीटीवर (बोलताना दाबून धरायच्या बटणावर) बोट ठेवलं की तोंडातून शब्द फुटत नाही. ती धडधड मला अजून आठवते, म्हणून सांगते, घोकू नका.

अभ्यासात मला सगळ्यात जास्त अडवलं ते संगीताच्या नियमाने. एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमावलीतल्या भाग ९७ नुसार आवाजी प्रक्षेपणातून संगीत पाठवायला मनाई आहे. अपवाद एकच: अंतराळवीरांचं जमिनीशी चाललेलं संभाषण नासाच्या परवानगीने हॅम मंडळींना ऐकवत असाल आणि त्यात ओघाने संगीत आलं, तर चालतं. हा अपवाद डोक्यात शिरेचना. मग कळलं, स्पेस शटल या अंतराळयानातल्या अंतराळवीरांना गाणं लावून उठवायची पद्धत होती, आणि मेरीलँडमधल्या नासाच्या गॉडार्ड केंद्राच्या हॅम क्लबचं डब्ल्यूए३एनएएन स्टेशन शटलचं संभाषण ऐकवत असे. मध्येच गाणं लागलं तर काय करायचं, याची सोय नियमातच आहे. एवढं कळल्यावर उत्तर पाठ करावं लागलं नाही.

पण परीक्षेपुरतं हे कळून भागत नाही. गाणं मुद्दाम लावणारे थोडेच असतात; नवीन माणूस अडकतो तो मागे चालू असलेल्या गाण्यात. गाडीत स्टिरिओ चालू आहे आणि तुम्ही रिपीटरवर (आलेला आवाज पुन्हा दूरवर पाठवणाऱ्या यंत्रावर) हजेरी लावताय. माइकला जे ऐकू येतं ते सगळं जातं. त्यात माइकला कॉम्प्रेशन (बारीक आवाज मोठा करणारी सोय) लावलेलं असेल तर तुम्ही दोन शब्दांमध्ये थांबता तेव्हा मागचा आवाज वर येतो; तुम्हाला बारीक वाटणारा तबला समोरच्याला ठणठणीत ऐकू जातो. गाण्याचे हक्क कुणाचे, हा इथे मुद्दाच नाही. तुम्ही स्वतः बांधलेली चाल पेटीवर वाजवलीत तरी ते संगीतच.

व्हॉक्स तर त्याहून वाईट. आवाज आला की संच आपोआप की होतो, म्हणजे प्रक्षेपण सुरू करतो; पीटीटी दाबावंच लागत नाही. घरात सकाळी अभंग लावलेत, संच टेबलावर चालू आहे, की गेला अभंग थेट रिपीटरवर! बाओफेंग युव्ही-५आर हा हातातला संच असेल तर मेनू ४ उघडा, व्हॉक्स ऑफ आहे ना बघा. तसंच मेनू ९ मध्ये टाइमआउट कमी ठेवा, म्हणजे संच चुकून की झाला तरी थोड्या वेळात गप्प होईल. आत्ताच करा, नंतर राहून जातं.

रिपीटरवाला बघून घेईल, या भरवशावर राहू नका. त्याच्या यंत्रातून नकळत पुढे गेलेल्या प्रक्षेपणाचा दोष त्याच्यावर येत नाही. जबाबदारी मूळ पाठवणाऱ्याची.

एवढं वाचून घाबरून संच कपाटात ठेवू नका हं. चुकून मागचं गाणं गेलंच तर पीटीटी सोडा, गाणं बंद करा आणि पुन्हा बोला. नेटवरचे, म्हणजे रेडिओवर ठरवून भरणाऱ्या बैठकीतले, जुने लोक बहुतेक वेळा फक्त म्हणतात, ‘मागे काहीतरी वाजतंय बघा.’ शिकवणारा असाच शोधा. उंच टॉवर आणि महागडे संच दाखवणारा गुरू मला तरी फारसा उपयोगी पडला नाही. शेजारी बसून आपल्याला बोलू देणारा पडला.

आणि भारतात कायमचे परत जाणार असाल तर हा परवाना तिथे आपोआप चालत नाही. तिथली एएसओसी ही हॅम परवान्याची परीक्षा वेगळी, नियमही वेगळे. ते मुळापासून वाचा.