कोल्हापुरात घरकुलाचा अर्ज: आधी जागेचं बघा

प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्राचे दीड आणि राज्याचा १ असे अडीच लाख मिळतात. अट अशी: वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत, आणि नवरा, बायको, अविवाहित मुलं यांपैकी कुणाच्याही नावे देशात पक्कं घर नको.

अर्ज अडतो तो बहुधा जागेवर. पेठांतल्या जुन्या घरांच्या प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचंच नाव असतं. आधी वारसनोंद करा, भाऊबंदांची संमती घ्या. आधार आणि पासबुकावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. पैसे हप्त्यांनी, बांधकाम दिसेल तसे येतात. म्हणून पाया स्वतःच्या पैशानं घालायची तयारी ठेवा.

जागाच नसेल, तर याच योजनेत सरकारी किंवा खासगी संस्थांच्या भागीदारीत बांधल्या जाणाऱ्या परवडणाऱ्या सदनिकेसाठी अर्ज करा. तोवर महापालिकेकडे बेघर निवाऱ्याची चौकशी करा, कुटुंबासाठी वेगळी खोली आहे का, हेही विचारा.